उशिरा पडणारी खिट्टी

त्याच्या दुकानात शिरलं की आधी हात धुवायचे. दाराला लागून एवढंसं बेसिन, त्यावर साबणाची वडी, खिळ्याला पांढरा पंचा. गिऱ्हाईक सूटबूट घालून आलेलं असो नाहीतर अनवाणी, हात धुतल्याशिवाय म्हातारा मान वर करत नसे. धुतले तरी करेलच असं नाही. हात पुसायची तऱ्हा बघून तो ठरवायचा, या माणसाशी बोलायचं की नाही. बोटांच्या मधल्या बेचक्या ओल्या राहिल्या तर कारभार तिथेच आटोपला.

मी त्याला म्हातारा म्हणतो खरा, पण तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान. मी एकोणऐंशीचा, तो शहात्तरचा. त्याचं नाव मला ठाऊक आहे, लिहीत नाही. त्याने माझं कधी विचारलंच नाही. तो मला इंदो-सान म्हणायचा. इंदो म्हणजे भारत. एकट्या माणसाच्या डोक्यावर एवढा मोठा देश ठेवला त्याने, आणि मीही तो निमूट वाहिला.

जपानात, कावासाकीला मुलाकडे येऊन मला चार वर्षं होत आली. बायको गेली, भोसरीची जागा विकली, मुलगा म्हणाला, बाबा आता तिकडे कोण आहे तुमचं. मी चौथी शिकलेला माणूस. पस्तीस वर्षं एका वर्कशॉपात फिटर होतो. शिकलेले इंजिनिअर मशीन बिघडलं की मला हाक मारायचे आणि मशीन चाललं की मला विसरायचे. केसाएवढा फरक माझ्या अंगठ्याला कळतो. ही बढाई वाटली तर वाटू द्या, खरं आहे. इथे त्या अंगठ्याला काम नव्हतं. घरात माझ्याकडे एकच खातं, कचऱ्याचं. जळणारा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं, डबे वेगळे. सकाळी पिशवी खाली ठेवली की मी मोकळा. मोकळा म्हणजे रिकामा. चालायचो. चालून चालून कंटाळा आला तरी चालायचो, कारण घरी बसून यायचा तो कंटाळा याहून वाईट.

असाच एकदा स्टेशनामागच्या गल्लीत त्याच्या काचेपाशी थांबलो. काचेत एकच वस्तू. सोनेरी रंगाचं रिव्हॉल्व्हर.

मला वाटलं खेळणं आहे. मग चष्मा पुसून पाहिलं. खेळण्याच्या स्क्रूची खाच अशी नसते. आत गेलो, हात धुतले, बेचक्या पुसल्या. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, मी त्याच्या. त्याच्या उजव्या तर्जनीच्या बाजूला घट्टा होता. कानस धरणाऱ्याला पडतो तो. माझाही त्याच जागी आहे, आता मऊ पडलाय. त्याने वस्तू दाखवली नाही. स्टूल दाखवलं. मी तासभर बसलो, आणि दोघंही एक अक्षर बोललो नाही. बोलणार तरी काय, मला त्याची भाषा येत नव्हती, त्याला माझी. घरी आल्यावर सुनेला म्हटलं, आज फार दिवसांनी कुणाशी तरी नीट बोललो.

माझी सून स्वप्ना. पुण्याची, हुशार. इथे आली तेव्हा नवऱ्याच्या मागे आली होती, आता तिचं जपानी ऐकून ऑफिसातले जपानी लोक मान डोलावतात. शनिवारी तिला सुटी. त्या शनिवारी मी तिला घेऊन गेलो, आणि मग बरेच शनिवार.

त्या दुकानाचं सगळं मला तिच्यामुळे कळलं. तिथे नकली रिव्हॉल्व्हरं मिळायची. गोळी सुटत नाही, नळी आतून बुजवलेली. प्लॅस्टिकची असतील तर काळी चालतात, पण धातूची केली तर कायद्याने पिवळी नाहीतर पांढरी रंगवावी लागतात, कुणी खरी समजू नये म्हणून. शौकीन लोक घेतात, जुनी घड्याळं जमवावीत तशी जमवतात. तसली दुकानं इथे इतरही आहेत. पण हा म्हातारा एकाच रिव्हॉल्व्हरच्या मागे होता. दीडशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन, घोडेस्वार कमरेला लावायचे ते. त्यात नुसता चाप ओढून काही होत नाही. आधी अंगठ्याने मागचा घोडा ओढायचा, मग चाप. प्रत्येक वेळी तसंच. स्वप्नाने विचारलं, एवढी कटकट कोण करत असेल? तो म्हणाला, "घाई असणाऱ्यांसाठी नंतर दुसरी रिव्हॉल्व्हरं निघाली की. त्यांनी ती घ्यावीत."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. भाव विचारला की हेच, दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं विचारलं तरी हेच.

विकायचा तो फार कमी. एकदा आमच्यासमोर तोयोसु भागातल्या एका कंपनीतला तरुण आला. हात धुतले, व्यवस्थित पुसले. म्हाताऱ्याने ट्रेवर मखमल टाकून नग समोर ठेवला. त्या पोराने तो उचलला आणि चापाच्या कडीत बोट घालून गर्रकन फिरवला, सिनेमातल्यासारखा. म्हाताऱ्याने फिरणारा नग वरच्यावर झेलला, मखमलीवर ठेवला, ट्रे आत नेला आणि बाहेर येऊन पेपर वाचायला लागला. ते पोर पाच मिनिटं उभं होतं. मग त्यानेच वाकून माफी मागितली आणि गेलं.

मी स्वप्नाला म्हटलं, "त्याला सांग, असं केलंस तर उपाशी मरशील."

"बाबा, असं नाही बोलता येत इथे."

"इथे काय, कुठेच बोलता येत नाही. तरी सांग."

तिने काय सांगितलं देव जाणे. पुष्कळ लांबलचक सांगितलं. म्हातारा हसला. म्हणाला, "इंदो-साननी एवढं गोड नक्कीच म्हटलं नसेल."

स्वप्ना लाल झाली. त्यानंतर ती जसंच्या तसं सांगायला लागली, फक्त आधी "हे मी नाही म्हणत हं" असं दोन्हीकडे म्हणायची.

बाराच्या ठोक्याला तो जेवायचा. कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून, भाताचे दोन गोळे. त्यांच्यावरच्या कागदाला एक, दोन, तीन असे आकडे असतात, त्या क्रमाने कागद सोडवायचा. मी कधी क्रम पाळत नाही, सरळ फाडतो. मला तसं करताना पाहिलं आणि त्याने डोळे मिटून घेतले. कुणी शिवी दिली असती तर मला इतकं लागलं नसतं. पुढच्या वेळेपासून मी क्रमाने सोडवायला लागलो. घरीही. मुलगा म्हणाला, बाबा आता जपानी झाले. मी म्हटलं, जपानी नाही, शरमिंदा.

तरुणपणी तो असलीच मॉडेलं करणाऱ्या एका कारखान्यात होता. कारखान्याने त्याला एकदा अमेरिकेला पाठवलं. तिथे एका शेतकऱ्याकडे आजोबांच्या वेळचं खरं रिव्हॉल्व्हर होतं, त्याची मापं घ्यायला. नऊ दिवस तो त्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसला. आयुष्यातला त्याचा तेवढाच परदेश.

स्वप्नाने विचारलं, "अमेरिकेत काय काय पाहिलंत मग?"

"टेबल," तो म्हणाला. "चांगलं होतं. हलत नव्हतं."

परत आल्यावर कारखान्याने त्याच्या मापांवरून मॉडेल काढलं, पण सोपं करून. आतले चार भाग काढून टाकले, कडा गोल केल्या. लोकांना कुठे कळतं, असं साहेब म्हणाला. यानं नोकरी सोडली. गल्लीतलं हे दुकान घेतलं आणि मागच्या खोलीत त्या नऊ दिवसांच्या मापांवरून स्वतःच्या हाताने एक नग करायला बसला. धंद्यातून वेळ काढून काढून त्याला किती वर्षं लागली हे तो कधी नीट सांगत नसे. कायद्याप्रमाणे नळी बुजवली, कायद्याप्रमाणे सोनेरी रंग दिला. तो रंग मी पाहिलाय. देवाच्या टाकाला कुणी इतक्या निगुतीने झिलई करणार नाही. म्हणायचा, "कायद्याला हवं तेवढं खोटं. त्यापुढे एक रेघही खोटी नाही."

सप्टेंबर सरता सरता त्याने सांगितलं की इमारत पाडणार आहेत, डिसेंबरात दुकान बंद. मग तो उत्तरेला बहिणीकडे जाणार. बाकीचा माल तो कुणालाही देणार होता. पण हाताने केलेला तो नग देण्याआधी त्याला घेणारा बघायचा होता. त्याच्या पुतण्याने आधीच हात जोडले होते, घरात लहान मूल आहे म्हणून. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना म्हाताऱ्याने स्वतः बोलावलं. त्याची परीक्षा अशी: मखमलीवर तीन नग, तिन्ही सोनेरी, दिसायला सख्खे भाऊ. यातला हाताने केलेला कुठला ते सांगायचं. एकाने रंगावरून निवडला, चुकला. एकाने वजनावरून, चुकला. तिसरा डॉक्टर होता, त्याने फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

मला कुणी बोलावलं नव्हतं. मी स्वप्नाला म्हटलं, "त्याला म्हणावं, मांड माझ्यापुढे."

"बाबा, तुम्हाला हवंय का ते? घरी ठेवणार कुठे?"

"मांड म्हण."

त्याने मांडले. मी बघितलंच नाही. डोळे मिटले आणि अंगठा स्क्रूंच्या डोक्यांवरून फिरवला. दोन नगांच्या खाचा मशीनच्या, सगळ्या एकसारख्या. तिसऱ्याची प्रत्येक खाच वेगळ्या दिवशी पाडलेली. एका खाचेत तर माणूस वैतागलेला होता तेही कळत होतं. मी तो नग पुढे सरकवला. म्हटलं, "हा."

म्हातारा मागे गेला आणि चहा घेऊन आला. दोन कप. स्वप्नाला मिळाला नाही, तिने त्यावरून मला आठवडाभर बोलून घेतलं.

मला तो नग हवा होता. आता लपवण्यात अर्थ नाही. आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू मी फक्त दुरुस्त केल्या, हवीशी कुठली वाटली नाही. ही वाटली. आणि ती देण्याजोगा माणूस मी आहे असं त्याने म्हणावं, हे तर त्याहून जास्त वाटलं. भोसरीत ते कुणी म्हटलं नव्हतं.

दसरा जवळ आला. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. वर्कशॉपात आम्ही आदल्या दिवशी सगळी हत्यारं धुऊनपुसून, तेलपाणी करून, पाटावर मांडायचो. नवमीला त्यांना कामाला लावायचं नाही. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मुलाने पाटावर लॅपटॉप ठेवला. म्हणाला, बाबा, माझं हत्यार हेच. बरोबरच आहे त्याचं. पण मला फुलं वाहवेनात. माझ्या कानशी, माझा मापाचा व्हर्निअर, सगळं भोसरीत वाटून आलो होतो.

हे मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याला एका झटक्यात समजलं. मागच्या खोलीतलं ड्रिल मशीन दाखवून म्हणाला, नव्या वर्षाला तो त्याच्यावर तांदळाच्या दोन गोल वड्या एकावर एक ठेवतो, आणि तीन दिवस मशीनला हात लावत नाही. मग आत गेला, हाताने केलेला तो नग डब्यात घातला, डबा कापडात बांधला आणि माझ्यापुढे ठेवला.

स्वप्ना हळूच म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, पूजेला न्या. परत आणाल तेव्हा पुढचं बोलू." मग आणखी हळू, "तुम्हालाच देणारेत बहुतेक."

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी घरी कुणी नव्हतं. मी टेबलावर पंचा पसरला आणि नग पुसायला घेतला. घोडा सावकाश ओढून पाहिला. तो ओढताना चार वेळा टक् होतं. पहिले दोन घोड्याच्या खाचांचे. तिसरा खिट्टीचा, म्हणजे सहा घरांचं ते चाक फिरून जागेवर आलं की खालून एक खिट्टी वर येऊन त्याला अडकवते, तिचा. चौथा घोडा पुरता मागे आल्याचा. माझा डावा कान वर्कशॉपातल्या प्रेस मशीनच्या आवाजाने कधीच गेलाय, उजवा निम्मा आहे. पण अंगठ्याला कळलं. तिसरा उशिरा येत होता. चौथ्याला चिकटून येत होता. टक्, टक्, आणि मग टक्टक्.

मला वाईट वाटलं. वाटलं, म्हाताऱ्याचा हात शेवटी चुकला. इतकी वर्षं घालवून खिट्टीचा पाय किंचित लांब राहिला, आणि त्याला ते कळलंही नाही. किंवा कळलं असेल, आणि सुधारायला नजर उरली नसेल. असं माझंही झालंय. शेवटच्या वर्षांत माझं काम शेजारच्या बाकावरचा पोरगा गुपचूप नीट करायचा. मला माहीत होतं, मी माहीत नसल्यासारखं दाखवायचो.

आणि वर्कशॉपातल्या आमच्या मिस्त्रींचा दंडक होता: पूजेला सदोष हत्यार ठेवायचं नाही. आधी नीट करायचं, मग पाटावर.

मुलाच्या घड्याळाच्या डबीतला बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला. स्वयंपाकघरातला सुरीला धार लावायचा दगड घेतला. नग उघडला, खिट्टी काढली, तिचा पाय दगडावर घासला. किती? चार वेळा फक्त, पाणी लावून. हात थरथरत होता, पण दगडाला टेकला की थांबत होता. परत जोडलं. घोडा ओढला. टक्, टक्, टक्, टक्. चारी सारख्या अंतरावर, जिना उतरल्यासारखे. मी दहा वेळा ओढून पाहिला. खरं सांगतो, कितीतरी वर्षांनी त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी पूजा केली. झेंडू मिळाला नाही, स्वप्नाने शेवंती आणली. आणि शनिवारी डबा घेऊन आम्ही दुकानात गेलो. मी हात धुतले, पुसले, बसलो. त्याला सांगणार नव्हतोच. त्याने घोडा ओढावा, आणि ओठाच्या कोपऱ्यातून हसावं, एवढंच मनात होतं.

त्याने डबा सोडला. नग हातात घेतला. घोडा ओढला.

ओढला आणि तसाच थांबला. मग हळूच खाली सोडून परत ओढला. माझ्याकडे पाहिलं नाही. खालच्या खणातून जुना टेपरेकॉर्डर काढला आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग कुणीतरी अमेरिकन खोकला, खुर्ची सरकली. मग आवाज आला. मी उजवा कान लावला.

टक्, टक्, टक्टक्.

टेप पुढे चालू होती. परत तेच. आणि परत. त्या शेतकऱ्याच्या आजोबांच्या रिव्हॉल्व्हरची खिट्टी उशिरा पडत होती. दीडशे वर्षं उशिराच पडत होती. म्हाताऱ्याने तो उशीर मापला होता, वहीत लिहिला होता, आणि तेवढाच उशीर आपल्या नगात आणला होता. चूक त्याची नव्हती. चूक खऱ्यातली होती आणि ती खरी होती.

स्वप्नाला काही कळलं नव्हतं. "काय झालं, बाबा?"

"मी ते नीट केलं," मी म्हटलं.

"मग चांगलंच आहे ना."

"नाही. सांग त्याला, मी दगडावर घासलं. मीच. मला वाटलं त्याचा हात चुकला."

"हे असंच्या असं सांगू?"

"असंच सांग."

तिने सांगितलं. म्हाताऱ्याने टेप बंद केली. दाराकडे गेला, पाटी उलटी करून दुकान बंद केलं. मला वाटलं, आता आम्हाला घालवणार. त्याने मागच्या खोलीचा पडदा बाजूला केला, आणि आपलं स्वतःचं स्टूल, ज्यावर मी कधी दुकानात फिरणाऱ्या त्याच्या मांजरालाही बसलेलं पाहिलं नव्हतं, काम आवळून धरायच्या व्हाइससमोर ओढलं. दोन शब्द बोलला.

स्वप्ना म्हणाली, "होतं तसं करा, म्हणतायत."

धातू काढता येतो, घालता येत नाही. म्हणजे खिट्टीच नवी करायला हवी. त्याने पोलादाची पट्टी दिली, कानशी दिल्या, वही उघडून माप दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी कचरा ठेवून सरळ त्याच्याकडे. भाषेची गरजच नव्हती. मी खिट्टी करायचो, तो नगात बसवायचा, घोडा ओढायचा आणि मान हलवायचा.

पहिल्या पाच खिट्ट्या चांगल्या झाल्या. म्हणून फुकट गेल्या. बुद्धी सांगायची पाय लांब ठेव, पण शेवटचे दोन हात मारताना कानस आपोआप पुढे जायची आणि खिट्टी वेळेवर पडायची. आयुष्यभर मी चूक घालवायला शिकलो होतो. चूक मापात करायला मला कुणी शिकवलं नव्हतं. संध्याकाळी खांदे इतके दुखायचे की स्वप्ना वाटी तोंडापर्यंत आणून द्यायची. मुलगा म्हणाला, "बाबा, पैसे देऊन टाकू का आपण त्यांना? सॉरी म्हणू." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो लॅपटॉपकडे वळला.

सहावी खिट्टी फारच उशिरा पडली. सातवी तुटली. त्या दिवशी म्हाताऱ्याने पहिल्यांदा माझ्या मनगटाला हात लावला. पकडलं नाही, नुसता खाली हात ठेवला, आणि दोघांनी मिळून आठवीचे शेवटचे हात मारले. त्याचाही हात थरथरत होता. दोन थरथरी एकमेकींना मारून टाकतात की काय कोण जाणे, कानस सरळ चालली. मी थांबायच्या आधी तो थांबला. माझी कानस त्याने तिथेच अडवली.

चौदाव्या दिवशी, शनिवार होता, स्वप्ना आली होती. त्याने एकदा टेप लावली, एकदा घोडा ओढला. परत टेप, परत घोडा. डोळे मिटून. टक्, टक्, टक्टक्. मला फरक कळत नव्हता, त्याला कळत होता. शेवटी त्याने डब्याच्या झाकणातून एक घडी घातलेला कागद काढला. वर बारीक अक्षरात मापांची यादी होती. तळाशी त्याने पेनाने आणखी तीन ओळी लिहिल्या आणि कागद आमच्याकडे फिरवला.

"वाच," मी म्हटलं.

स्वप्नाने वाचलं. "खिट्टी बदलली. मूळच्यापेक्षा किंचित लवकर पडते. कारण," ती थांबली, हसू की रडू असं तिला झालं होतं, "कारण: भारतीय फिटरला चूक सहन झाली नाही."

मग त्याने नग डब्यात ठेवला, कापड बांधलं, आणि डबा माझ्यापुढे सरकवला. वाकला. जपानी माणूस देताना वाकतो तसा, दोन्ही हात पुढे करून.

मी डबा उचलला नाही. मला तो हवा नव्हता असं नाही. तेव्हाही हवा होता, आत्ता लिहितानाही हवा आहे. पण कागदावर त्याने लिहिलं होतं ते खरं होतं. मी तो घरी नेला असता, आणि पुढच्या खंडेनवमीला पुसायला घेतल्यावर तो उशीर माझ्या अंगठ्याला लागला असता. मी एक वर्ष सोसलं असतं, फार तर दोन. मला माझा हात माहीत आहे.

"सांग त्याला," मी म्हटलं, "हे तुझ्याकडेच ठेव. मी याला नीट करीन."

स्वप्नाने सांगितलं. तो पहिल्यांदा मोठ्याने हसला, इतकं की खोकला आला आणि मला त्याला पाणी द्यावं लागलं.

डिसेंबरात तो उत्तरेला गेला. डबा घेऊन गेला. त्या आठवड्यात दुकानातला उरलेला माल भिंतीच्या कपाटात होता, त्यातून मी प्लॅस्टिकचं काळं रिव्हॉल्व्हर घेतलं, कारखान्यात छापून काढलेलं, सगळ्यात साधं. त्यात सगळंच चुकलेलं होतं. घोडा घासायचा, चाक डुगडुगायचं, चाराऐवजी दोनच टक् व्हायचे. हिवाळाभर मी त्याच्यामागे होतो. टिनाच्या डब्याचे पत्रे कापून आत पट्ट्या घातल्या, नवी खिट्टी केली, खाचा पाडल्या. आता घोडा लोण्यासारखा ओढला जातो, चाक हलत नाही, आणि चारी टक् जिथे पडायला हवेत तिथे पडतात. त्या अमेरिकन आजोबाचं चालत असेल त्याहून हे चांगलं चालतं. दाखवायला कुणी नाही.